हात खाली, आवाज खाली

आमच्या कंपनीत कुणाला परदेशी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन द्यायचं असलं की आधी मला बोलावतात. मी अर्धा तास बसते, कुठे थांबायचं, कुठे हसायचं ते सांगते आणि समोरचा माणूस वहीत लिहून घेतो. परवा असंच एकाला सांगून झालं तर तो म्हणाला, "तुला काय, तुझं हे उपजतच आहे." पुण्याहून नुकताच आलेला पोरगा. त्याला वाटलं आपण कौतुक केलं. मी 'थँक यू' म्हटलं आणि पँट्रीत जाऊन कॉफी ओतून घेताना कप इतक्या जोरात आपटला की बोटांवर सांडली.

उपजत म्हणे! उपजत जे होतं ते बंगळुरूतल्या बनशंकरीच्या एका कॉलेजात ग्रुप प्रेझेंटेशनच्या नावाखाली माझ्यातून उपटून काढलं, आणि त्या जागी हे बसवलं. त्याचे मार्कही दिले, चांगले भरघोस.

माझं लहानपण नाशिकजवळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत गेलं. बाबा तिथे इंजिनिअर होते. माणूस हुशार, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडायची. मीटिंगमध्ये त्यांना जे सांगायचं असायचं ते ते घरी येऊन आईला सांगायचे, आणि आई म्हणायची, "हे तिथे बोलायचं ना!" तिथे बोलणं त्यांना जमलं नाही ते नाहीच. मग देवाने त्यांना मला दिलं. माझा आवाज पहिल्यापासून मोठा. पहिलीत असताना मी शाळेच्या गच्चीवरून हाक मारली की आमच्या क्वार्टरपर्यंत ऐकू यायची, असं आई अजून सांगते.

शाळेत वक्तृत्व स्पर्धा असायच्या. ज्यांनी मराठी शाळेत दिवस काढले त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाबा रविवारी सकाळी भाषण लिहायचे, मी ते पाठ करायचे आणि संध्याकाळी अंगणात तालीम. मी पायरीवर उभी, बाबा पार टोकाला, नळापाशी. "मला इथे ऐकू आलं पाहिजे. शेवटच्या रांगेतला माणूस काय उन्हात बसायला आलाय?" सुरुवात ठरलेली: माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो. 'निर्धार' शब्द आला की मूठ वळायची, 'आकाश' आलं की उजवा हात वर. शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' म्हणायचं, भले बोलून पंधरा मिनिटं झालेली असोत. आणि मग जय हिंद.

जुन्या वळणाचं होतं, मान्य. भाबडं होतं, तेही मान्य. पण आवाज पोटातून यायचा. झाडांवर बोलताना मला खरंच झाडांची काळजी वाटायची आणि समोर बसलेल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. बाबा मागे भिंतीला टेकून उभे असायचे. माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलायचे. ते भाषण त्यांचंच असायचं, फक्त तोंड माझं.

मी बारावी झाले त्या वर्षी बाबांची बदली बंगळुरूला झाली. कारखाना येलहंकाच्या बाजूला आणि मला प्रवेश मिळाला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाबांनी घर घेतलं जे. पी. नगरला, माझ्या कॉलेजजवळ, आणि स्वतः रोज पहाटे कंपनीची बस धरून पूर्ण शहर ओलांडत राहिले. सामान लावून झालं त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "आता मी इथूनच रिटायर होणार. आमच्याकडे निरोपाच्या दिवशी घरच्यांपैकी एकाने बोलायची पद्धत आहे. माझ्या वतीने तू बोल. मला काय बोलता येतंय!" आई म्हणाली, "अजून वर्षं आहेत त्याला." पण ते ठरलं. आयुष्यभर जे त्यांना म्हणता आलं नाही ते त्या दिवशी मी म्हणायचं. मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. तोपर्यंत मी त्यांच्या वतीनेच तर बोलत आले होते.

पहिल्या सत्रात 'कम्युनिकेशन स्किल्स' नावाचा विषय होता आणि त्यात ग्रुप प्रेझेंटेशन. मॅडमनी हजेरीच्या क्रमाने चौघाचौघांचे गट पाडले. आमच्या गटात एक मुलगा इथल्याच एका महागड्या शाळेत शिकलेला. त्याला कुणी नेमलं नव्हतं तरी तो पहिल्या मिनिटापासून आमचा लीडर. दुसरा मुलगा प्रेझेंटेशनच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येण्यापुरता गटात होता. आणि एक हुबळीकडची मुलगी, कन्नड शाळेतून आलेली, अतिशय शांत. विषय मिळाला शहरातले तलाव. तलावांवर जाऊन आलो आम्ही दोघी मुली. पाण्यावरचा फेस बघितला, वास घेतला, तिने तिथल्या कोळ्याशी कन्नडमध्ये बोलून घेतलं. स्लाइड आम्ही केल्या. मग लीडरने वाटणी केली: सुरुवात आणि शेवट तो करणार, मधलं आम्ही बोलायचं. ही वाटणी पुढे मी प्रत्येक गटात पाहिली. ज्याला विषय माहीत नाही तो सुरुवात आणि शेवट घेतो, कारण तिथे माहिती लागत नाही.

मला त्याचं काही वाटलं नाही. मला बोलायचं होतं ना! मी आणि बाबांनी दोन रविवार बसून माझा भाग तयार केला, आधी मराठीत, मग इंग्रजीत. बाबा इतके खुशीत होते की आईने विचारलं, प्रेझेंटेशन हिचं आहे की तुमचं. तालमीला अंगण नव्हतं, म्हणून बाबा जिन्याच्या खालच्या वळणावर उभे राहिले आणि मी वरून बोलले. खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी दार उघडून बघितलं.

कॉलेजात लीडर दोन मिनिटं बोलला, खिशात हात घालून. मग माझी पाळी. मी पुढे झाले, पाय जुळवले आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "रिस्पेक्टेड मॅडम अँड माय डिअर फ्रेंड्स गॅदर्ड हिअर!"

आधी शांतता, मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं बाहेर काहीतरी झालं असेल. मी चालू ठेवलं. तलाव आम्हाला हाक मारत आहेत म्हणताना माझा उजवा हात वर गेला. फोन वर आले. शेवटी मी 'विथ धिस आय फिनिश माय टू वर्ड्स' म्हटलं आणि वर्ग फुटला. माणसं बाकावर हात आपटून हसत होती. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. लीडर माझ्या बाजूला उभा राहून खालचा ओठ चावत होता. मॅडमसुद्धा हसल्या. वाईट मनाने नाही हसल्या, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. वाईट मनाच्या माणसाशी भांडता तरी येतं. त्या म्हणाल्या, "एनर्जी खूप छान आहे. पण ही सभा नाही ना, वर्ग आहे. जस्ट बी नॅचरल."

बी नॅचरल! मी त्या खोलीत जितकी नैसर्गिक होते तितकं कुणीच नव्हतं. खिशात हात घालून, एक खांदा पाडून, जिभेवर च्युइंगम असल्यासारखं बोलणं कुठल्या आईच्या पोटातून येतं? तेही कुठेतरी शिकवलेलंच असतं. फक्त महागड्या शाळेत शिकवलेलं असलं की त्याला नैसर्गिक म्हणतात.

माझ्यानंतर हुबळीची बोलली. तिने स्लाइडकडे तोंड करून आपला भाग वाचून काढला. कुणी हसलं नाही, कुणी ऐकलंही नाही. सुटल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफी घेतली. ती म्हणाली, "नगली बिडु, अक्का." हसू देत, सोड. आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तुझं निदान लोकांनी ऐकलं तरी."

घरी बाबा फाटकातच उभे होते. त्या दिवशी ते लवकर निघून आले होते. "कसं झालं?" मी म्हटलं, टाळ्या पडल्या. पडल्याच होत्या. ते वर जाऊन आईला म्हणाले, "बघ, भाषा कुठलीही असो, आवाजात दम लागतो." मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'टू वर्ड्स' पडलं. हे नाव मला चार वर्षं पुरलं. कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, लायब्ररीत. पुढच्या प्रेझेंटेशनला लीडर खूप गोड आवाजात म्हणाला, "यार, तुझा रिसर्च भारी असतो. तू कंटेंट बघ, बोलायचं आम्ही बघतो." मला लॅपटॉपपाशी बसवलं, स्लाइड बदलायला. मी जमवलेली माहिती तो बोलायचा, चुकीची बोलायचा आणि त्याने मान हलवली की मी बटण दाबायचे. त्याच्या पुढच्या वेळी 'थँक यू' असं लिहिलेली शेवटची स्लाइड माझ्या वाट्याला आली. तिच्यावर बोलण्यासारखं काय असतं ते ज्याने वाटणी केली त्यालाच माहीत. हे सगळं समजूतदारपणे चालायचं. कुणी कुणाला टाकून बोलत नव्हतं. 'टीमवर्क' नावाखाली मॅडम त्याचे वेगळे मार्क द्यायच्या.

मग मी ठरवलं की शिकायचं. न शिकून करते काय? शेवटच्या वर्षी कंपन्या येणार, गटचर्चेत बसवणार, तिथे स्लाइड बदलणाऱ्यांना नोकऱ्या नसतात. मी लीडरला बारकाईने बघायला लागले. तो वाक्य संपवताना आवाज खाली पाडायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं. काही आठवलं नाही की 'सो, बेसिकली' म्हणून चार पावलं चालायचा आणि लोकांना वाटायचं हा विचार करतोय. गंभीर काही सांगायच्या आधी स्वतःवर एक छोटा विनोद करायचा. सगळी हातचलाखी होती आणि सगळी शिकण्यासारखी होती.

माझा उजवा हात मात्र ऐकेना. जरा कुठे मनापासून बोलायला लागले की तो आपोआप वर जायचा. मग मी घरी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला उजव्या हातात धरून बोलायला लागले. हात उचलला की पाणी सांडायचं. आई फडकं घेऊन मागेमागे. पहिले काही आठवडे फरशी ओलीच असायची, मग हळूहळू सांडणं कमी झालं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली: पाणी सांडू नये यासाठी हात आवरून भागत नाही, आतलाही जोर आवरावा लागतो. जे बोलतोय ते फारसं खरं वाटू द्यायचं नाही. तेवढं जमलं की पेला स्थिर राहतो.

एकदा मी असा सराव करत असताना बाबा समोर खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "ऐकू येत नाहीये."

मी म्हटलं, "तसंच पाहिजे, बाबा. इथे असंच चालतं."

"शेवटच्या रांगेतल्याला?"

"माइक असतो."

त्यांनी पेपरची घडी घातली आणि बाल्कनीत जाऊन बसले. त्यानंतर माझ्या सरावाला ते कधी बसले नाहीत. विचारलं मात्र दरवेळी, किती मार्क मिळाले म्हणून. मार्क वाढत होते.

शेवटच्या सत्रात माझं प्रेझेंटेशन वर्गात पहिलं आलं. विषय होता कुठल्याशा शाम्पूचं मार्केटिंग. त्या शाम्पूने माझं काहीही वाकडं किंवा सरळ केलेलं नाही, पण मी त्यावर अशी काही बोलले की मॅडम उभ्या राहिल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला पहिल्या वर्षाच्या वर्गात नेलं. "एक खरंखुरं परिवर्तन दाखवते," म्हणाल्या आणि पडद्यावर दोन व्हिडिओ लावले. आधी आणि नंतर. केसांच्या तेलाच्या जाहिरातीत दाखवतात तसं.

माझा पहिला व्हिडिओ त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. मी तो कधी पाहिला नव्हता. दोन वेण्या घातलेली एक मुलगी पाय जुळवून उभी होती आणि घसा ताणून सांगत होती की तलाव मेले तर आपण पाणी मागायला कुणाच्या दारात जाणार. पोरं हसत होती, व्हिडिओतलीही आणि समोर बसलेलीही. आणि ती मुलगी थांबत नव्हती. तिला खरंच तलावांचं वाईट वाटत होतं. चार वर्षं मी तिची लाज बाळगत होते आणि तिथे उभी असताना पहिल्यांदा मला वाटलं की त्या खोलीत एकटीच ती शहाणी आहे. मग 'नंतर'चा व्हिडिओ लागला. गुळगुळीत केसांची एक बाई शाम्पूबद्दल हळू आवाजात काहीतरी खात्रीने सांगत होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी हसले, दात किती दिसले पाहिजेत तेवढेच दाखवून. आतून मला तो पडदा फाडावासा वाटत होता.

नोकरी लागली. मुलाखत घेणारे म्हणाले, तुमचं कम्युनिकेशन उत्तम आहे. हुबळीची गटचर्चेतच गळली. ती गावी परत गेली, त्यानंतर आमचा काही संबंध राहिला नाही.

आणि मग बाबांच्या निवृत्तीचा दिवस आला.

"भाषण मी लिहून देऊ?" असं त्यांनी विचारलं नाही. मीही म्हटलं नाही. आदल्या आठवड्यात एवढंच म्हणाले, "तू आता शिकली आहेस. तुझं तू बघ." मी बघितलं. ऑफिसात जसं करते तसंच केलं. मुद्दे काढले, वेळ लावून पाहिली.

कारखान्याचा हॉल भरला होता. कन्नड, तमिळ, तेलुगू, थोडे मराठी, असे सगळे. बाबा व्यासपीठावर शाल आणि हार घालून बसले होते, अवघडून. माइकपाशी त्यांची पाळी आली तेव्हा ते 'थँक यू ऑल, थँक यू' म्हणाले, घसा खाकरला, आणि माझ्याकडे बघितलं. आता हिचं ऐका, अशा नजरेने.

मी इंग्रजीत बोलले, मध्ये दोन वाक्यं कन्नड आणि दोन मराठी. बाबांकडून मी तीन गोष्टी शिकले, असं सुरू केलं. शिस्त, साधेपणा, सातत्य. कंपनीची बस कधी चुकली नाही यावर एक विनोद केला, हॉल हसला. योग्य ठिकाणी थांबले. शेवटी आवाज थोडा खाली आणला, दोन बायकांनी रुमाल काढले. ठरल्या वेळेत संपवलं. बाबांचे वरिष्ठ उठून म्हणाले, असा निरोप या हॉलमध्ये आजवर झाला नाही. मी खाली उतरताना बाबांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत होते, सगळ्यांसारख्याच. ओठ मिटलेले होते.

निवृत्त होणाऱ्याला त्या दिवशी साहेबांच्या गाडीतून घरी सोडायची पद्धत आहे. आई पुढे बसली, आम्ही दोघं मागे. हार बाबांच्या मांडीवर. हेब्बाळच्या पुलावर गाडी अडकली. आई म्हणाली, "किती छान बोलली ना!"

"छान बोलली," बाबा म्हणाले. "सगळ्यांना आवडलं." गाडी थोडी सरकली, परत थांबली. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण ते कुणाच्याही निरोपाला चाललं असतं, नाही का? मला वाटलं होतं, मला जे कधी बोलता आलं नाही ते तू बोलशील. मीटिंगमध्ये मी गप्प बसायचो, त्यातलं काही. तुला सगळं माहीत होतं."

मला ओरडायचं होतं. तुम्ही शिकवलेलं बोलले तेव्हा भर वर्गात माझं हसं झालं होतं, बाबा, आणि मी ते तुम्हाला कळू दिलं नाही. चार वर्षं हातात पेला धरून उभी राहिले. आता कुठून आणू तो आवाज? हे सगळं गळ्यापर्यंत आलं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "तुमचं म्हणणं मला समजतंय, बाबा. बरं झालं तुम्ही सांगितलंत. पुढच्या वेळी नक्की लक्षात ठेवीन."

शांत, मऊ, समजूतदार आवाजात. हात मांडीवर एकावर एक ठेवलेले. पुढची वेळ कुठली, हे मला बोलून झाल्यावर कळलं. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

बाबांनी मान हलवली, आणि इथल्या भाजीवाल्याला किंवा रिक्षावाल्याला कन्नडमध्ये 'बरं, ठीक आहे' म्हणतात तसं मला म्हणाले, "सरी."